सेरेब्रल पाल्सी : उपचार कोणता आणि आधार कोणता

मूल नऊ महिन्यांचें झालें तरी बसत नाहीं. उजवी मूठ सदा मिटलेली असते, आणि अंघोळ घालतांना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. घरांतील वडील माणसें म्हणतात, “बसेल उशिरां; याचा बापही उशिरांच बसला होता.” पुढें दीड वर्ष होतें, शेजारचें त्याच वयाचें मूल अंगणभर धावूं लागतें, आणि मग आईबापांची एका दवाखान्यांतून दुसऱ्या दवाखान्यांत फेरी सुरू होते. कोणी मालीश सुचवितो, कोणी विजेचे उपचार, कोणी नवस. या फेरींत जो काळ जातो तोच मुलाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा असतो. त्या काळांत काय करावें आणि कशावर पैसा व शक्ति दवडूं नये, याविषयीं गेल्या तीस वर्षांच्या संशोधनानें पुष्कळ निश्चित माहिती हातीं आली आहे. मात्र ती घरोघर पोंचलेली नाहीं.

सेरेब्रल पाल्सी या विकाराला मराठींत मेंदूचा पक्षाघात म्हणतात. या नांवानें वृद्ध माणसाचा अर्धांगवायु डोळ्यांपुढें उभा राहतो; परंतु दोहोंत मोठा भेद आहे. वृद्धाचें चालतें-बोलतें अंग लुळें पडतें. बालकाच्या बाबतींत अंग चालूं-बोलूं लागण्यापूर्वींच, म्हणजे गर्भांत, जन्माच्या वेळीं किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत, वाढत्या मेंदूच्या कांहीं भागाला इजा झालेली असते. ही इजा पुढें पसरत नाहीं. शरीर मात्र वाढतें, आणि ताठरलेले स्नायु हाडांच्या वाढीला पुरे पडत नसल्यामुळें सांधे आंखडतात, टाचा जमिनीला टेकत नाहींत, पाठ वांकते. हजार जन्मांमागें साधारण दोन-तीन मुलांना हा विकार असतो. कांहींचे स्नायु ताठ असतात, कांहींच्या हालचाली त्यांना आवरत नाहींत, कांहींचा तोल राहत नाहीं. यांपैकीं सुमारें निम्म्या मुलांच्या बुद्धींत कांहींच उणें नसतें. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला समजतही नाहीं, हा ग्रह म्हणजे या मुलांवर होत आलेला सर्वांत जुना अन्याय होय.

विकाराच्या कारणांचा इतिहासही असाच ग्रहांनीं भरलेला आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांचा स्वतःचा एक पाय बालपणच्या आजारानें वांकडा झाला होता, व तो १८३६ मध्यें हॅनोव्हर येथें शस्त्रक्रियेनें सुधारला होता. अशा मुलांकडे त्यांचें लक्ष जावें यांत नवल नाहीं. १८६१ सालीं त्यांनीं लंडनच्या प्रसूतिशास्त्र-मंडळापुढें आपला निबंध वाचला आणि अडलेलें बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म व जन्मतः गुदमरणें हीं या विकाराचीं कारणें म्हणून मांडलीं. पुढें कित्येक वर्षें या विकाराला लिटलचा रोग असेंच म्हणत. १८९७ मध्यें सिग्मंड फ्रॉइड यांनीं, म्हणजे मनोविश्लेषणामुळें पुढें जगभर गाजलेल्या त्याच फ्रॉइडनीं, उलट शंका काढली : गर्भाच्या वाढींतच कांहीं बिघाड असेल, तर अवघड बाळंतपण हें त्याचें कारण नसून त्याचेंच एक लक्षण कशावरून नसेल? ही शंका जवळजवळ नव्वद वर्षें पडून राहिली. अमेरिकेंत १९५९ पासून पन्नास हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवण्यांत आल्या होत्या. त्यांच्या मुलांची पुढील हकीकत तपासून कॅरिन नेल्सन व जोनास एलनबर्ग यांनीं १९८६ मध्यें दाखवून दिलें कीं, बाळंतपणांत गुदमरल्यामुळें हा विकार जडलेलीं मुलें एकूणांत थोडींच निघतात.

भारतांत जन्मतः गुदमरणें व तीव्र कावीळ यांचा वांटा त्याहून मोठा आहे, हें खरें. तरीही आपल्याकडे ‘ग्रहण नीट पाळलें नाहीं’, ‘जिना उतरतांना धांवलीस’ असे जे दोष आईच्या माथीं मारले जातात, त्यांना कोणत्याही अभ्यासांत आधार सांपडलेला नाहीं.

विकार टाळण्याच्या उपायांत जें यश आलें आहे, तें बहुतेक साध्या उपायांना आलें आहे. अर्भकाची कावीळ वेळीं ओळखून त्याला निळ्या प्रकाशाखालीं ठेवलें, तर पित्तरंजक मेंदूंत शिरून होणारी कायमची हानि टळते. या उपायाचा उगम इंग्लंडांतील रॉचफर्डच्या रुग्णालयांत आहे. तेथील एका परिचारिकेला १९५६ च्या सुमारास असें आढळलें कीं, बाळाला कोवळ्या उन्हांत नेल्यावर उघड्या अंगाचा पिवळेपणा उतरतो. फार अपुऱ्या दिवसांची प्रसूति होऊं घातली असतां आईला मॅग्नेशियम सल्फेट दिल्यानें बाळाला हा विकार होण्याचा धोका सुमारें एक-तृतीयांशानें घटतो. हें औषध स्वस्त असून जुनें आहे. परंतु एका देशांत सिद्ध झालेला उपाय जसाच्या तसा दुसऱ्या देशांत लागू पडेलच असें मात्र नाहीं. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचें शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत गुणकारी ठरला. तोच मुंबई, चेन्नई, बंगळूर, श्रीलंका व ढाका येथील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासण्यांत आला. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्का देणारे होते. अपंगत्व कांहीं घटलें नाहीं. उलट थंड ठेवलेल्या बाळांत शेंकडा ४२ दगावलीं, नेहमींची शुश्रूषा मिळालेल्यांत शेंकडा ३१. ही तपासणी येथेंच झाली हें बरें झालें. नाहींतर अपाय करणारी यंत्रें खरेदी करण्यांत गांवोगांवच्या रुग्णालयांनीं धन्यता मानली असती.

विकार झाल्यावर काय, हा घराघरांतील खरा प्रश्न. या उपचारांचा जुना इतिहास म्हणजे मुलाच्या अंगावर काय काय करतां येईल याची एक लांब यादीच आहे. प्लॅस्टर, लोखंडी पट्टे, स्नायुबंध कापणें, ताणणें, चोळणें. १९४० नंतर लंडनमध्यें बर्टा व कारेल बोबाथ या निर्वासित दांपत्यानें कसलेल्या हातांनीं मुलाच्या हालचालींना योग्य वळण लावण्याची पद्धति काढली. ती जगभर पसरली आणि तिनें या मुलांकडे आस्थेनें पाहण्यास शिकविलें. तिचें हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु पुढें काटेकोर तुलना होऊं लागल्या, तेव्हां असें दिसलें कीं, दुसऱ्याच्या हातांनीं हलविलेलें अंग त्या हातांपुरतेंच हलतें. नुसतें रोज ताणल्यानें आंखडणेंही थांबत नाहीं. मेंदु शिकतो तो स्वतः केलेल्या प्रयत्नानें, आणि तोही मुलाला ज्याची खरोखर ओढ आहे अशा कामाच्या प्रयत्नानें : डबा उघडणें, सदऱ्याचें बटण लावणें, पायरी चढून आजीच्या खोलींत जाणें.

याचीं दोन उदाहरणें बोलकीं आहेत. ऑस्ट्रेलियांत इओना नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३६ मुलांच्या घरीं एक साधा प्रयोग केला. मुलाला व आईबापांना काय साधायचें आहे तें आधीं ठरवावयाचें आणि मग तेंच काम घरीं थोडें थोडें करावयाचें. सरासरीनें हा सराव महिन्यांतून सतरा-अठरा वेळां, आणि दर वेळीं सोळा-सतरा मिनिटेंच झाला; तरी आठ आठवड्यांत या मुलांनीं सराव नसलेल्या मुलांना स्पष्टपणें मागें टाकलें. दुसरा प्रयोग कॅनडांतील. १२८ लहान मुलांचे दोन गट केले. एका गटांत मुलाचे स्नायु व हालचाली सुधारण्यावर भर होता. दुसऱ्यांत मुलाला हात न लावतां त्याच्या भोंवतालचें जग बदललें : खुर्चीची उंची, चमच्याची मूठ, दाराचा उंबरा, काम करण्याची रीत. २०११ च्या वृत्तांतानुसार दोन्ही गटांची प्रगति सारखीच झाली. ज्या घरीं मुलाला ‘नीट’ चालतां येईपर्यंत चाकाची खुर्ची आणावयाची नाहीं असा हट्ट असतो, त्या घरानें हा प्रयोग अवश्य ध्यानांत घ्यावा.

एकच बाजू अधू असलेल्या मुलाची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. चांगला हात सर्व कामें उरकतो, म्हणून दुसरा हात जितकें करूं शकला असता तितकेंही करीत नाहीं. मेंदु त्याला जणूं विसरतो. यावर चांगल्या हाताला कांहीं आठवडे रोज कांहीं तास हातमोजा किंवा पट्टी घालून अधू हाताकडून खेळ करून घेण्याचा उपाय निघाला, आणि तो उपयोगी ठरला. तितकेच तास दोन्ही हात लागणाऱ्या खेळांत घालविले तरी लाभ जवळजवळ तितकाच होतो. तेव्हां चपाती लाटण्याचा, मोदक वळण्याचा खेळही येथें औषध ठरतो. अट एवढीच कीं, तो मुलानें करावा, आईनें करून दाखवून थांबूं नये.

उपचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कॅनडांतील ओंटारिओ प्रांतांत ६५७ मुलांची वर्षानुवर्षें मोजणी करून २००२ मध्यें त्यांच्या वाढीच्या रेषा आंखण्यांत आल्या. मूल अंगाच्या मोठ्या हालचालींत जेथपर्यंत पोंचणार, त्याचा सुमारें नऊ-दशांश पल्ला तें पांच वर्षांच्या आंतच गांठतें. विकार तीव्र असल्यास त्याहूनही लवकर. म्हणूनच लवकर निदानाचें महत्त्व. अनुभवी डोळा तीन महिन्यांच्या बाळाच्या सहज हालचालींवरूनही धोका ओळखूं शकतो, आणि ‘वर्षभर थांबून पाहूं’ हा सल्ला आतां कालबाह्य झाला आहे.

आशेचा बाजार मात्र मोठा आहे. दाबाच्या पेटींत शुद्ध प्राणवायु देण्याचा उपचार कांहीं काळ फार गाजला होता. क्वेबेक प्रांतांत १११ मुलांवर त्याची परीक्षा झाली. अर्ध्यांना प्राणवायु, अर्ध्यांना किंचित् दाबाची साधी हवा, आणि कोणाला काय मिळतें हें घरच्यांस ठाऊक नव्हतें. दोन महिन्यांत चाळीस बैठकी झाल्या. दोन्ही गटांतील मुलें सुधारलीं, आणि सारखींच सुधारलीं! अनेक तास आईबापांच्या सहवासांत, उत्साहाच्या वातावरणांत गेल्याचा तो परिणाम असावा, असें संशोधकांना वाटलें. मूलपेशींच्या उपचाराविषयीं आज संशोधन चालू आहे. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत या विकारासाठीं रीतसर चांचणीबाहेर तो देणें अनैतिक ठरविलें. त्यासाठीं दागिने विकणाऱ्या कुटुंबांना हें कोणी सांगितलेलें नसतें.

याउलट एक अगदीं नीरस वाटणारा उपाय किती अपंगत्व टाळतो हें स्वीडननें दाखविलें. या मुलांपैकीं सुमारें एक-तृतीयांशांचा खुबा हळूहळू सांध्यांतून सरकूं लागतो. आरंभीं दुखत नाहीं, म्हणून कळत नाहीं. खुबा पुरता निखळला कीं बसणें, झोंपणें, स्वच्छता करणें सर्वच यातनामय होतें. दक्षिण स्वीडनमध्यें १९९४ पासून प्रत्येक मुलाचे ठराविक मुदतीनें क्ष-किरण फोटो घेऊन खुबा सरकतांच इलाज करण्याचा परिपाठ घातला गेला. त्यापूर्वीं शंभरांत आठ-नऊ मुलांचे खुबे निखळत. नंतर हें प्रमाण दोनशांत एकाच्या आसपास आलें. यासाठीं नवें औषध लागलें नाहीं. वही, तारीख आणि फोटो एवढेंच लागलें. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतही वर्षानुवर्षें व्यायामशाळेंत जाणाऱ्या मुलाचा खुब्याचा फोटो एकदांही घेतलेला नसतो.

शिक्षणाच्या बाजूचा मार्ग मुंबईनें पूर्वींच दाखविला आहे. मिठू अलूर यांनीं आपल्या मुलीसाठीं कोठेंही शाळा नाहीं असें पाहून १९७२ मध्यें स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईंत स्थापन केली. ती मुलगी, मालिनी चिब, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची पदवीधर झाली आणि एका करंगळीनें टंकलेखन करून तिनें आपलें आत्मचरित्र लिहिलें. बोलणें स्पष्ट नसलेल्या प्रत्येक मुलाला टंकयंत्र हवेंच असें नाहीं. चित्रांचा एक फळा आणि डोळ्यांनीं ‘हो-नाहीं’ सांगण्याची ठरलेली खूण, एवढ्यानें आरंभ होतो. फळा दिला तर मूल बोलण्याचा कंटाळा करील, ही भीतिही अनाठायीं ठरली आहे.

मुलांना स्वतःला काय वाटतें, हें फार उशिरां विचारलें गेलें. युरोपांतील सात देशांत आठ ते बारा वर्षांच्या अशा ५०० मुलांनीं स्वतः उत्तरें दिलीं, तीं २००७ मध्यें प्रसिद्ध झालीं. आपल्या आयुष्याविषयींचें त्यांचें समाधान बहुतेक बाबतींत इतर मुलांइतकेंच निघालें. चालतां न येण्यानें तें फारसें घटत नव्हतें. दुखण्यानें मात्र सर्वच बाजूंनीं घटत होतें. हें दुखणें खुब्याचें असतें, ताठ स्नायूंचें असतें, कधीं दांतांचें, कधीं नुसत्या बद्धकोष्ठाचें. आणि त्यांतील बरेंचसें इलाजानें हटण्यासारखें असतें. म्हणून चित्रांच्या फळ्यावर खाऊ, पाणी, आई यांच्या जोडीला ‘दुखतें’ हें चित्र पहिल्याच दिवशीं लावलेलें असावें.