पणजोबांचा वस्तरा

आमच्या बडोद्याच्या घरी जुन्या शिसवी पेटीत 'पणजोबांचा वस्तरा' पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेला आहे. त्यात अडचण एकच. भिंतीवरच्या तसबिरीत पणजोबांची दाढी छातीवर रुळते! मग या वस्तऱ्याचे त्यांना काय काम? लहानपणी आम्ही असे विचारले की आत्या म्हणत, "डोई करीत असतील." पण डोई करायला तर घरी न्हावी येत असे.

परवा त्याला धार लावून घ्यावी म्हणून मी एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने पाते उजेडात फिरविले, एका अंगावरून अंगठा आडवा ओढला आणि म्हणाला, "हा हजामतीचा नाही, भाऊ. एक अंग सपाट आहे याचे."

घरी येऊन मी ते काचेवर ठेवले. खरेच, एक बाजू काचेला पूर्ण टेकली! हजामतीच्या वस्तऱ्याच्या साधारणतः दोन्ही बाजू सारख्याच खोलगट घासलेल्या असतात. एक बाजू सपाट आणि दुसरी खोलगट असे पाते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत देठामुळांचे पातळ काप काढायला वापरीत. सपाट बाजू खाली ठेवली म्हणजे काप सरळ जाई, आणि वरच्या खोलगट भागातल्या पाण्यावर तो अलगद तरंगे, तेथून सूक्ष्मदर्शकाखाली. पणजोबा वनस्पतिशास्त्र शिकवीत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पेटीशी त्याचा सांधा मात्र कोणी जोडला नव्हता.

अशी फसवी भावंडे आणखीही आहेत. वस्तऱ्यासारखेच, पण पाते जेमतेम निम्मे, असे दिसले तर ते बहुधा पायाची कुरुपे तासण्याचे. पाते अरुंद आणि टोक अणकुचीदार असेल, तर ती शस्त्रवैद्याची मिटती सुरी असू शकते. पात्याच्या कडेला त्रिकोणी चोच बाहेर आलेली असेल, तर ते घोड्याची शीर तोडून रक्त काढण्याचे हत्यार. चोच शिरेवर टेकवून वरून लाकडी दांडक्याचा ठोका देत. एकोणिसाव्या शतकात विलायतेत शेफील्डचे कारागीर वस्तरे घडवीत तशी हीही घडवीत. म्हणून नुसत्या शिक्क्यावर विसंबू नये. 'इंग्लंड' असा शब्द कोरलेला असला, तर वस्तू बहुधा 1890 च्या अमेरिकी जकात कायद्यानंतरची, एवढेच कळते. कारण त्या कायद्याने मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. शिक्का काळ सांगतो, काम सांगतो तो पात्याचा आकार.

आणि तोच आकार सहाणेवर प्रथम जातो. त्या वृद्धाने मुकाट्याने दोन्ही बाजू घासून दिल्या असत्या, तर वस्तरा लखलखला असता, पण पणजोबा पुसले गेले असते. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की घरातले जुने पाते सराणेवर देण्यापूर्वी एकदा काचेवर ठेवून पाहा. गंजाला वाळूचा कागद लावू नका, तेलाचा हलका हात पुरे.

आमचे पाते पुन्हा पेटीत गेले आहे. सोबतच्या चिठ्ठीवरचा 'वस्तरा' हा शब्द मात्र मी खोडला.