शिशाची विषबाधा आणि रक्तातील तांबूस प्रकाश

निळा किंवा जंबुपार प्रकाश पडताच काही द्रव्ये त्याहून अधिक तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. रोगनिदानात त्यासाठी बहुधा बाहेरचे रंगद्रव्य वापरावे लागते, परंतु झिंक प्रोटोपोर्फिरिन हे असे द्रव्य रक्तात मुळातच तयार होते, आणि अमेरिकेत लहान मुलांमधील शिशाची विषबाधा हुडकण्यासाठी ते सुमारे दोन दशके वापरात होते.

अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडत असताना प्रोटोपोर्फिरिन नावाच्या रेणूच्या मध्यभागी लोह बसते व हिमोग्लोबिनचा लोहयुक्त घटक, म्हणजे हीम, तयार होतो. लोह बसले की रेणूचे अनुस्फुरण मावळते. शिसे मात्र लोह बसवणाऱ्या विकराच्या कामात अडथळा आणते, तेव्हा लोहाची जागा जस्त घेते, आणि असा रेणू निळसर-जांभळ्या प्रकाशात नारिंगी-तांबडा उजळतो. वाढलेले प्रोटोपोर्फिरिन रक्तातून रसायनांनी वेगळे काढून मोजण्याची पद्धत आधीपासून होती. पण पेशीत ते प्रत्यक्षात जस्तासह असते, हे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेच्या अँजेलो लॅमोला व तेत्सुओ यामाने यांनी १९७४ मध्ये दाखवले. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतून रक्ततपासणीचे साधन निघावे, हे थोडे नवलाचेच. तेथील विल्यम ब्लुमबर्ग, जोसेफ आयसिंगर आणि लॅमोला यांनी विकसित केलेल्या हिमॅटोफ्लुओरोमीटरमध्ये काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब ठेवला की मोजणी होत असे. वेगळी रासायनिक प्रक्रिया लागत नसे.

या चाचणीचा आणखी एक फायदा असा, की बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात त्वचेवरील धुळीतले शिसे मिसळले तर थेट शिसे मोजणारी तपासणी फसते, प्रोटोपोर्फिरिनच्या मोजणीवर मात्र त्या धुळीचा परिणाम होत नाही. उलट बाजूने पाहता, लोहाची कमतरता असली तरी हेच द्रव्य वाढते, म्हणून वाढलेला आकडा शिशामुळे की लोहाअभावी हे चाचणीला सांगता येत नाही. शिवाय हा बदल नव्याने घडणाऱ्या पेशींतच होत असल्याने तो रक्तात दिसायला काही आठवडे लागतात आणि पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यामुळे बराच काळ टिकतो.

या त्रुटी सोसण्याजोग्या होत्या. चाचणी मागे पडली ती वेगळ्याच कारणाने. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, अर्थात सीडीसीने, मुलांच्या रक्तातील शिशाची चिंताजनक पातळी १९७५ मध्ये दर डेसिलिटरला ३० मायक्रोग्रॅम धरली होती. ती १९८५ मध्ये २५ वर आणि १९९१ मध्ये १० वर आणली गेली, कारण कमी शिशानेही बुद्धीच्या वाढीला बाधा पोहोचते असे पुरावे साचत गेले होते. साधारण २५ च्या खाली प्रोटोपोर्फिरिन भरवशाने वाढत नाही, त्यामुळे शिसे असूनही मूल निर्दोष ठरण्याचा धोका होता, आणि प्राथमिक तपासणीसाठी थेट शिसे मोजणेच योग्य ठरले. यंत्र पूर्वीइतकेच अचूक होते. बदलला होता तो त्याला विचारलेला प्रश्न, आणि निदानचाचणीचे मूल्यमापन नेमके याच ठिकाणी करावे लागते.

तरीही चाचणी नाहीशी झाली नाही. शिशाच्या संपर्कातील कामगारांसाठी १९७८ मध्ये झालेल्या अमेरिकी नियमांत रक्तातील शिशाबरोबर झिंक प्रोटोपोर्फिरिन मोजण्याची तरतूद करण्यात आली; आणि शिशाच्या तपासणीत जो दोष मानला गेला, त्याच गुणामुळे हिमोग्लोबिन घटण्याआधीच लोहाची कमतरता ओळखण्यासाठी हे द्रव्य उपयोगी पडते.