टाकीतले पाणी निजू नये म्हणून

आमच्या घरात होडी पिढ्यान् पिढ्या आहे; कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या उन्हाळ्यात हौसेने काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून चार मासे ठेवले. पाणी स्वच्छ, खारटपणा बरोबर. एका रात्री वीज गेली, पंप थांबला. सकाळी तीन मासे उलटे तरंगत होते. बाबा एवढेच म्हणाले, “पाणी निजलं रे!”

पुस्तके चाळली तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ कळला. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात ७ हूनही कमी. शिवाय स्थिर पाण्यातून तो तळापर्यंत फारच संथ उतरतो. म्हणून तळचे पाणी सतत वर आले पाहिजे. बुडबुड्यांनी हवा ‘भरली’ जाते ही आपली समजूत. त्यांचे खरे काम पाणी वर ओढण्याचे.

पण नुसता मोठा पंप लावून भागत नाही. एकाच बाजूची सरळ धार माशांना दमवते आणि दगडांमागे पाणी मेलेलेच राहते. तिथे घाण साचून कुजते. माझ्या १०० लिटरच्या टाकीत आता दोन पंप मिळून ताशी हजारेक लिटर पाणी फिरवतात. तोंडे समोरासमोर, किंचित वर. धारा मध्ये आदळून फुटतात. प्रवाळ ठेवायचे तर याहून जोर हवा, कारण ते जागचे हलत नाही. अन्न त्याच्यापर्यंत वाहत यावे लागते.

बॅटरीवरचा हवेचा पंपही आणला आहे. रात्री दिवे गेले की बाबाच मला हलवून उठवतात.