जाताना रस्त्याने, येताना विमानाने

टांझानियातल्या आरुशा शहरापासून सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यावरचं सेरोनेरा रस्त्याने साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे. म्हणजे हाडं खिळखिळी करणारे सात-आठ तास. तेच अंतर छोटं विमान तासाभरात कापतं. त्यामुळे सफारीचा बेत ठरवताना टूरवाला विचारतोच, गाडी की विमान? मग घरात हिशेब सुरू होतो. जास्तीचे पैसे किती, वाचलेल्या दिवसात सिंह किती दिसतील, आईची कंबर किती सोसेल. हिशेबात काही खोट नाही, पण मधली जमीन त्यात कुणी धरतच नाही. सेरेंगेटीत एवढी जनावरं का, याचं बरंचसं उत्तर त्या सव्वातीनशे किलोमीटरांत पुरलेलं आहे.

आरुशा सोडल्यावर सुरुवातीचा रस्ता डांबरी आणि निवांत. मकुयुनीला उजवीकडे वळायचं, लाल केळी विकणारं म्टो वा म्बू गाव ओलांडायचं, की समोर एक भिंतच उभी राहते. पूर्व आफ्रिकेची जमीन जिथे हळूहळू फाटत चालली आहे, त्या खचदरीचा हा पश्चिमेकडचा कडा. गाडी घाट चढू लागते आणि मन्यारा सरोवर खाली खाली जातं. वर करातूची तांबडी माती आणि कॉफीचे मळे. लोडोआरे फाटकाशी डांबर संपतं आणि धुक्याचं, ओलं, गच्च रान सुरू होतं. २३०० मीटरच्या आसपास चढल्यावर झाडी एके ठिकाणी फाकते आणि खाली न्गोरोंगोरो दिसतं. एका अजस्र ज्वालामुखीचा माथा सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी आत कोसळला, त्याची ही काहिल. सहाशे मीटर खोल, तळाचं क्षेत्रफळ २६० चौरस किलोमीटर. तळाशी काळे ठिपके हलताना दिसतात, ते रानरेडे.

बहुतेक जण इथे फोटो काढतात आणि पुढच्या उतारावर डुलकी घेतात. नेमकी तिथेच झोपू नये. हिंदी महासागरावरून येणारे वारे या डोंगरांच्या पूर्व अंगावर पाऊस रिकामा करतात आणि पश्चिमेला कोरडे उतरतात. महाबळेश्वरात धो धो आणि पलीकडे माण-खटाव तहानलेलं, तोच खेळ; फक्त दिशा उलटी. अर्ध्या-पाऊण तासात रान संपतं, बाभळी विरळ होतात, हवेत धूळ येते. उजव्या हाताला ओल्डुवाईची घळ. १९५९ साली मेरी लीकी यांना इथे सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीची मानवसदृश कवटी सापडली. एवढी जुनी हाडं टिकली ती ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेली म्हणून.

पुढचं सगळं मैदान त्याच राखेचं. नाबी टेकडीच्या फाटकाशी परवान्याच्या रांगेत वेळ जातोच, तेवढ्यात टेकडीवर चढून बघावं. टेकडीवरच्या बाभळी सोडल्या तर क्षितिजापर्यंत एक झाड नाही. पायाखालच्या मातीत पावसाबरोबर राखेतले क्षार आणि चुना खाली झिरपतात आणि काही ठिकाणी हात-दोन हातांवरच दगडासारखा टणक थर धरतात. झाडाची मुळं तो थर फोडू शकत नाहीत, बुटक्या गवताला तेवढी माती पुरते. या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईला हवं तेच. शिवाय मोकळ्या रानात सिंहाला दबा धरायला आडोसा नाही. म्हणून जानेवारी ते मार्च विल्डबीस्टच्या माद्या इथे येऊन वितात, आणि बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्माला येतात. पाऊस थांबला की गवत करपतं आणि कळप दुप्पट पावसाच्या उत्तरेकडे निघतात. ज्या स्थलांतरासाठी जग इथे येतं, त्याचं मूळ गाडीच्या काचेवर धूळ होऊन बसलेलं असतं.

अर्थात ही धूळ फुकट मिळत नाही. कच्च्या रस्त्यावर आडव्या वळ्या पडतात आणि गाडी तासन् तास थडथडत राहते. हा रस्ता कंत्राटदाराने बिघडवलेला नाही. तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ साली वाळू भरलेल्या गोल फिरत्या मेजावर एक चाक चालवून दाखवलं की ठरावीक वेग ओलांडला की सैल पृष्ठभागावर वळ्या आपोआप उमटतात. सपाट करा, पुन्हा उमटतात. चाक बारीकशा उंचवट्यावर उडतं, पडताना पुढे खळगा करतं, पुढचं चाक त्यावर आणखी उडतं. वेगाने गेलं तर गाडी वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते, म्हणून चालकांचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो. उद्यानात वेगमर्यादा मात्र ताशी ५०. त्यात परवाना चोवीस तासांचा. फाटकावर वेळेची नोंद झाली की तिथून घड्याळ सुरू.

आता विमान. इथे बहुतेक वेळा सेसना कॅराव्हॅन असतं. एक इंजिन, पंख वर, चाकं कायमची बाहेर, बारा-तेरा माणसं. वैमानिकाच्या खांद्यावरून सगळी उपकरणं दिसतात. सामान पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत, आणि हातातली कॅमेऱ्याची पिशवीसुद्धा त्याच काट्यावर. यावर कुरकूर करणाऱ्यांनी हवेचं गणित बघावं. इथल्या बऱ्याच धावपट्ट्या दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. त्या उंचीला तीस अंश तापमानात हवा समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्के विरळ असते. पंखाला तेवढा आधार कमी, इंजिनाला तेवढी हवा कमी, आणि धावपट्टी मुरमाची. कडक सुटकेस पोटाखालच्या सामानाच्या कप्प्यात बसतही नाही. विमान यायच्या आधी कुणीतरी जीप घेऊन धावपट्टीवर एक फेरी मारतं आणि झेब्रे हुसकतं. सगळे हटले नाहीत तर वैमानिक वरून एक घिरटी घालतो. मग उतरतो, दोघे उतरतात, तिघे चढतात, आणि पुढची धावपट्टी.

वर गेल्यावर काय दिसतं? जनावर फारसं नाही, सिंह तर नाहीच. दिसतात त्या वाटा. हजारो खुरांनी कोरलेल्या, एकमेकींत गुंफलेल्या, नदीपाशी जुळणाऱ्या. दिसतात झाडीच्या हिरव्या रेघा, म्हणजे जमिनीवरून न जाणवलेले ओढे. हवा स्वच्छ असेल आणि मार्ग तसा असेल तर ओल डोइन्यो लेंगाईचा सुळका दिसतो. कार्बोनेटाइट लाव्हा ओकणारा जगातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याचा लाव्हा इतका थंड, म्हणजे पाचशे-सहाशे अंशांचा, की दिवसा काळा चिखलच वाटतो, आणि हवा लागून थोड्याच दिवसांत पांढरा पडतो. मैदानावरच्या राखेत याचाही वाटा.

सेरेंगेटीचा पुरा आकार जगाला कळला तो विमानातूनच. फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी १९५८ साली झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या डोर्निए विमानातून इथली जनावरं मोजली. विल्डबीस्ट त्यांच्या मोजणीत लाखभर भरले. पुढच्या अभ्यासकांच्या मते आकडा कमीच होता. १९६१ च्या मोजणीत अडीच लाखांवर, आणि सत्तरचं दशक संपताना तेरा लाखांच्या आसपास. एवढी वाढ कशाने? बुळकांडीने पाठ सोडल्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगाने पूर्व आफ्रिकेतली गुरं आणि रानजनावरं झोपवली होती. उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली, आणि एकाही विल्डबीस्टला सुई न लागता तो त्यांच्यातूनही गेला. आपल्याकडेही गुरांच्या अशाच साथींच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि चार वर्षांनी जंतू वस्तीपासून लांब असावेत म्हणून मुक्तेश्वरला हलली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. मिखाएलला यातलं काहीच बघता आलं नाही. जानेवारी १९५९ मध्ये त्याच्या विमानाला गिधाड धडकलं आणि तो गेला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची दगडी समाधी आहे. ती रस्त्याने जाणाऱ्यांनाच भेटते.

माझं मत विचाराल तर जाताना गाडी, येताना विमान. एकदा जमीन थराथराने चढून-उतरून बघितली की वरून ती वाचता येते. उलट क्रमाने केलंत तर वरून नुसता तपकिरी नकाशा दिसेल. गाडीने गेल्यावर तोच चालक-मार्गदर्शक शेवटपर्यंत सोबत राहतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला तुमची आवड कळलेली असते. पण परतीला तोच रस्ता, तीच थडथड आणि कड्यावरून नुसतं पलीकडे जायलाही पुन्हा संरक्षित क्षेत्राचं शुल्क. मात्र विमानाने परतलात तरी रिकामी गाडी आरुशाला नेण्याचा खर्च बऱ्याचदा बिलात असतो, तो आधी विचारून घ्या. पाठीचं दुखणं असेल किंवा हातात चारच दिवस असतील, तर दोन्हीकडून विमान घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका.

एका ठिकाणी मात्र निवड उरतच नाही. ऑगस्टमध्ये उत्तरेच्या कोगातेंडेला मारा नदीकाठी उभं राहिलं की कळप उड्या घेताना दिसतात आणि थोड्याच अंतरावर केनियाचं मसाई मारा आहे. तुम्हाला तिकडे सरळ जाता येत नाही. १९७७ साली दोन्ही देशांचं बिनसलं आणि सीमा बंद झाली. पुढे ती उघडली, पण पर्यटकांसाठी इथली बोलोगोंजाची वाट बंदच राहिली. विल्डबीस्ट बिनदिक्कत जातात, माणसाला द्रविडी प्राणायाम: कोगातेंडेहून विमानाने तारिमे, तिथून गाडीने सिरारी-इसेबानियाची चौकी, शिक्के, पुन्हा गाडीने मिगोरी, पुन्हा विमान, मग मारा. सकाळचं पहिलं विमान धरावं, नाहीतर पुढचं चुकतं. केनियाची ऑनलाइन परवानगी आधीच काढलेली असावी, आणि यलो फीवरच्या लसीचं पिवळं कार्ड बॅगेच्या तळाशी नको, वरच्या खिशात हवं. ते चौकीवरही मागतात आणि परतताना मुंबईच्या विमानतळावरही.