धमन्यांतील मेद आणि औषधाचें कार्य

जुना नळ उघडून पाहिला म्हणजे त्यांत क्षाराचा पांढरा थर दिसतो. हृदयविकाऱ्याची धमनीही अशीच आंतून चोंदते व कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी तो थर धुऊन काढते, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या परिचयाच्या धंतोलींतील एका वृद्ध गृहस्थांनीं तर रक्ततपासणी चांगली येतांच, "नळ साफ झाला," असें म्हणून गोळी सोडून दिली. ही समजूत कितपत खरी, तें आपण पाहूं.

वास्तविक हा मेद पोकळींत नव्हे, तर धमनीच्या भिंतींत सांचतो. रक्तांतील एल्‌डीएल् नांवाचे कोलेस्टेरॉलवाहक कण अस्तरांतून आंत शिरून अडकतात. त्यांस गिळावयास आलेल्या पांढऱ्या पेशी मेदानें फुगून तेथेंच राहतात. वर तंतूंचें झांकण धरतें. तें पातळ होऊन फाटलें, कीं तेथें रक्त गोठतें व हृदयाकडे जाणारा प्रवाह अकस्मात् बंद पडतो. तेव्हां दाखला नळाचा नव्हे, पावसाळ्यांत ओल मुरून फुगलेल्या गिलाव्याचा द्यावा.

१९१३ सालीं रशियांत अनिचकोव्ह यांनीं सशांस कोलेस्टेरॉल चारून असे मेदथर उत्पन्न करून दाखविले. १९७३ सालीं जपानांत अकिरा एंडो यांस एका बुरशींत कोलेस्टेरॉलची निर्मिति रोखणारें द्रव्य सांपडलें. स्टॅटिन औषधांचा उगम तोच. यकृतांतील निर्मिति घटली, कीं यकृत रक्तांतून अधिक एल्‌डीएल् ओढून घेतें.

याचा परिणाम काय? २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रोग्यांस दोन वर्षें मोठ्या मात्रेनें औषध दिलें. तरी धमनींतील थराचें प्रमाण सरासरीनें सुमारें एक टक्काच उतरलें. उलट १९९४ च्या स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ रोग्यांच्या प्रयोगांत औषध घेणारांतील मृत्यु ३० टक्क्यांनीं कमी झाले. यांतील मर्म असें, कीं थर फारसा न आटतांही त्यांतील मेद व दाह कमी होतो आणि झांकण बळकट होतें. छपराची गळती थांबली म्हणजे फुगवटा सगळा जात नाहीं, पण गिलावा धरून राहतो.

गोळी सोडली, कीं कांहीं आठवड्यांतच गळती पुन्हां सुरू होते. चांगली तपासणी हें औषध थांबविण्याचें कारण नसून तें चालू असल्याचें फळ होय. आमचे वृद्ध गृहस्थ आतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी घेतात आणि सकाळीं अंबाझरीच्या कांठीं फिरावयासही जातात. वाचकांनीं आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस एवढें अवश्य विचारावें, कीं गोळी चालू आहे ना?