भाताच्या प्रदेशातही हिंगापासून सावध: ग्लूटेनमुक्त आहार कसा पाळावा

तामिळनाडूतील तंजावर परिसर म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार. कुरुवै, सांबा आणि ताळडी हे येथील भाताचे हंगाम असून सकाळच्या इडलीपासून रात्रीच्या दहीभातापर्यंत गावकऱ्यांचा आहार मुख्यतः तांदळाचाच असतो. गहू वर्ज्य कराव्या लागणाऱ्या रुग्णाला याहून सोयीचा मुलूख क्वचितच सापडेल. तरीही तो पूर्णपणे निर्धोक नाही.

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिन होय. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. सीलिॲक रोग असलेल्या व्यक्तीच्या शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणा या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला चढवते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि जुलाब, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणे असे त्रास सुरू होतात. कित्येकदा पोटाची तक्रार नसते, केवळ रक्तक्षय आढळतो. ग्लूटेन आजन्म वर्ज्य करणे हाच त्यावर उपाय आहे. या रोगाचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी भारताच्या तीन विभागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली. उत्तर भारतात रोगाचे प्रमाण हजारी साडेआठ, तर दक्षिणेत दहा हजारांत सुमारे एक आढळले. रोगाला पोषक जनुके मात्र सर्वत्र जवळपास सारख्याच प्रमाणात होती. उत्तरेत दररोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खाल्ला जात होता, दक्षिणेत २५ ग्रॅम. हे आकडे केवळ तंजावरचे नव्हेत. परंतु दक्षिणेतही परोटा, रव्याचा उपमा, केसरी आणि शेवयांचे पायसम रूढ झाले आहेत, हे ध्यानात घ्यावे लागेल.

उघड दिसणारा गहू टाळता येतो. खरी अडचण सांबारात आहे. तंजावरच्या मराठा दरबारात जन्मल्याची आख्यायिका असलेला हा पदार्थ तूरडाळ आणि चिंचेचा, म्हणजे मुळात ग्लूटेनमुक्त. त्यात पडणारा बाजारातील हिंग मात्र बहुधा शुद्ध नसतो. मूळ हिंग अतिशय उग्र असल्याने त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळले जाते. त्यामुळे वेष्टनावरील घटकांची यादी पाहूनच हिंग घ्यावा. रसम आणि लोणच्यालाही हेच लागू पडते.

दुसरा धोका गिरणीचा. नाचणी, बाजरी आणि ज्वारीत ग्लूटेन नसते. पण गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ती दळली, तर पिठात गहू मिसळतो. महाराष्ट्रात भाकरीवर राहणाऱ्या रुग्णांनीही याची काळजी घ्यावी. घरी दळणे उत्तम. उपाहारगृहात परोट्याच्याच तव्यावर डोसा घातला जातो काय, हे विचारून घ्यावे. भारतीय नियमांनुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये.

निदानापूर्वीच गहू सोडणे मात्र अयोग्य ठरते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी आहारात ग्लूटेन असतानाच विश्वासार्ह ठरते. निदान निश्चित झाल्यास रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही चाचणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.