रानपिंगळ्याने खोटे पाडलेले समज

यावल अभयारण्यातल्या सागाच्या रानात रानपिंगळा राहतो. पक्षी जेमतेम वीतभर, पण विज्ञानाबद्दलचे आपले काही पक्के समज त्याने पार खोटे पाडले आहेत.

गैरसमज : मोठ्या अभ्यासकाने सांगितले, म्हणजे ते खरेच.

वस्तुस्थिती : रिचर्ड माइनर्टझहागेन हे पक्षिशास्त्रातले बडे प्रस्थ. 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला रानपिंगळा टिपल्याची त्यांची नोंद पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. 1990च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्टझहागेन यांच्या त्या नमुन्याची क्ष-किरण तपासणी केली. कातडे भरण्याची आतली पद्धत जेम्स डेव्हिडसन यांची निघाली. डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात आपल्या खान्देशात हे पक्षी गोळा केले होते. त्यांचाच एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, थोडी डागडुजी करून त्याला नवी चिठ्ठी बांधली होती! नाव कितीही मोठे असो, नमुना जपलेला होता म्हणूनच ही चोरी उघडी पडली. तपासता येईल असा पुरावा मागे ठेवण्याचे मोल एवढे आहे.

गैरसमज : शास्त्रज्ञांना सापडले नाही, म्हणजे ते नाहीच.

वस्तुस्थिती : 1884 नंतर या पक्ष्याची एकही खरी नोंद नव्हती. मांडवीची नोंद बाद झाल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो दिसला. तब्बल 113 वर्षांनी, तोही भर दिवसा, कारण हा पिंगळा दिवसाही वावरतो.

गैरसमज : शास्त्रज्ञ सारखे मत बदलतात, मग भरवसा कशावर ठेवायचा?

वस्तुस्थिती : पुढे मेळघाटात, यावलमध्ये आणि इतरत्रही तो आढळला, तेव्हा 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले गेले. नवी माहिती हाती आल्यावर जुनाच शेरा कायम ठेवला असता, तर ती लबाडी ठरली असती.

यावल-रावेरकडच्या रानात पिंगळा दिसला, तर त्याचे डोके नीट पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. तारीख, वेळ, ठिकाण लिहून लांबूनच फोटो घ्या आणि तो वनविभागाला दाखवा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका.